संपलं की बिघडलं

मिलिंद, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातून मी मधेच उठून गेले ते रडू आलं म्हणून नाही. मला किळस आली होती. रडायला वर्ध्याला माझं घर आहे, तिथं मी दार लावून रडते. समुद्रपूरच्या त्या मंडपात मात्र पोटातून ढवळून आलं. आता ते तुझ्यापाशीच ओकणार आहे, कारण माझी असली बडबड ऐकून घेणारा दुसरा कोणी मी ठेवलाच नव्हता.

आधी तो फ्लेक्स. खाली हात जोडलेल्या पुढाऱ्यांची रांग, आणि त्यांची तोंडं तुझ्या तोंडापेक्षा मोठी. तुझा फोटो कुठल्या तरी ओळखपत्रावरून उचललेला, शेवटच्या वर्षातला, एक गाल सुजलेला, ओठ मिटलेले. मग भाषणं. एक जण म्हणाला तू गावातले कॉम्प्युटर फुकट दुरुस्त करून द्यायचास. दुसरा म्हणाला तू अमेरिकेसाठी काहीतरी बनवत होतास. तिसरा तुझा तो शेजारी, जो तुला तोंडावर काळ्या स्क्रीनचा येडा म्हणायचा, त्यानं माइक हातात घेऊन तुला तालुक्याचं भूषण म्हटलं आणि डोळे पुसले. रुमाल कोरडा होता, मी पाहत होते.

भन्तेजींच्या मागून सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. पाचवं शील, ते नशापाण्याचं, सगळ्यात मोठ्या आवाजात म्हटलं. मी पाणी प्यायला बाहेर आले तर मंडपाच्या मागे चार-पाच जण उभे. हातात प्लास्टिकची पन्नी, पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना, आणि दोन तळव्यांत ती पन्नी फरफर घोटून राह्यले होते. खर्रा. ज्यानं तुला नेलं तोच, तुझ्याच मंडपाच्या कनातीला टेकून. एकानं मला पाहून ओळखीचं हसू दिलं, दात कथ्थ्याच्या रंगाचे. तुमच्यातच असं आहे असं नाही. आमच्या हिंगणीला तेरवीच्या पंगतीबाहेर हेच चालतं. मला ओकारी आली ती तिथं, नळापाशी.

परत आत गेले तर पडद्यावर तुझे फोटो सुरू होते. ते सुगतनं लावले होते. आपल्यापेक्षा बराच लहान तुझा हा भाऊ, बाबा गेल्यापासून स्टुडिओ तोच चालवतो. त्यानं जुन्या डिस्कवरून सगळे फोटो नव्या डिस्कवर घेतले होते आणि त्यातले तुझे वेचून काढले होते. तू पाळण्यात, तू शाळेच्या गणवेशात, मधेच दाढी वाढलेला, मग पुन्हा पाळण्यात तुझा दुसरा कुठला फोटो, सगळं उलटसुलट. आणि पडदा काळा झाला. लोक उठायला लागले. तुझी आई, म्हणजे काकू, पहिल्या रांगेत बसली होती, ती उठली नाही.

“तो हासते तो फोटो कुठं हाये?” तिनं विचारलं. “कश्मीरच्या पडद्यापुढचा.”

सुगत म्हणाला, आई, एवढेच हायेत, मशीन म्हणते संपले. बाबांनं काढलाच नसंन. काकू म्हणाल्या, म्या उभी होती तिथं. सुगतनं मान हलवली आणि वायर गुंडाळायला घेतली. मला म्हणाला, ताई, बरं झालं सगळं नव्या डिस्कवर घेतलं, आता जुनी मोकळी करतो, दुकानातल्या कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगले होईन, रविवारी कॅमेरेवाला येऊन राह्यला. म्हणजे पुसणार. तुझ्या बाबांचा अख्खा तालुका पुसून त्यावर रिकाम्या दुकानाचं चित्रण साठवणार. आणि हे तो तुझ्या फोटोला घातलेला हार सरळ करत सांगत होता.

मिल्या, तुझ्या बाबांचा तो स्टुडिओ मला माझ्या माहेरापेक्षा नीट आठवतो. बसस्टँडसमोर, आत शिरलं की फोटो धुवायच्या हायपोचा वास, मागे तो कश्मीरचा पडदा, त्यातल्या तळ्यातला शिकारा एका कोपऱ्यात उंदरानं कुरतडलेला. आपल्याकडे माणूस गेला की घरचे पहिलं काम फोटो शोधायचं करतात, भिंतीवर लावायला. कितीतरी लोकांचा आयुष्यात एकच फोटो निघालेला असतो आणि तो तुझ्या बाबांनी काढलेला. म्हणून ते एकही निगेटिव्ह फेकत नसत. तू ती सगळी स्कॅन केलीस, वर्षानुवर्षं, सुट्टीच्या दिवशी, एकेक पट्टी पुसून. आणि सगळे फोटो एकाच फोल्डरात टाकलेस.

त्यावरून मी तुझ्याशी किती भांडले. म्हटलं, गावांप्रमाणे लाव, सालाप्रमाणे लाव, एका फोल्डरात एवढा ढीग कोणी करतं का. तू खर्रा गालात सरकवून म्हणालास, “आज गाव लिहीन, उद्या तू म्हणशीन जात लिही. राहू दे सगळे एका जागी. मशीनीतला कर्नल ज्या क्रमानं देईन त्या क्रमानं घ्याचे.” त्यानंतर फोल्डरांचा विषय मी पुन्हा काढला नाही. मी क्वचित विषय सोडते, तुला माहीत आहे.

त्या सभेत एकानंही सांगितलं नाही की तू नेमकं काय करायचास. तर आता मी सांगते, तुलाच सांगते, ऐक. फोल्डरात काय काय आहे हे प्रोग्रामला आपोआप दिसत नाही. ते कर्नलला विचारावं लागतं, यंत्राच्या गाभ्यात बसून सगळ्यांवर देखरेख करणाऱ्या त्या प्रोग्रामला. ही विचारणा म्हणजे सिस्टिम कॉल. एका विचारणेला कर्नल ओंजळभर नावं देतो. पण प्रत्येकानं उठून कर्नलकडे जाऊ नये म्हणून मधे सी लायब्ररी असते, सी भाषेतल्या तयार प्रोग्रामांची पेटी. ती ओंजळ भरून आणते, आपल्याजवळ ठेवते आणि मागेल त्याच्या हातावर एकेक नाव ठेवते. ओंजळ सरली की पुन्हा जाते. नावंच सरली की रिकामा हात दाखवते. जगात कुठे कुठे बसलेल्या चार-पाच लोकांनी मिळून लहान यंत्रांसाठी अशी एक लायब्ररी लिहिली, आणि त्यातला हा फोल्डर वाचायचा भाग समुद्रपूरच्या एका फोटो स्टुडिओच्या माळ्यावर बसून तू लिहिलास. भूषण म्हणायचं तर ह्याला म्हणायचं होतं.

आणि घाण इथंच आहे, ज्यावरून आपलं आयुष्यभर जमलं नाही. नावं सरली की लायब्ररी रिकामा हात दाखवते. पण मधेच काही बिघडलं, डिस्कनं वाचू दिलं नाही, एखादा आकडा मावला नाही, तरीही ती तोच रिकामा हात दाखवते. संपलं की बिघडलं, हातावरून कळत नाही. बिघाडाचं कारण ती बाजूला एका आकड्यात ठेवते, एररनो म्हणतात त्याला. खरं जाणायचं असेल तर आधी तो आकडा शून्य करायचा, मग मागायचं, आणि हात रिकामा दिसला की तो आकडा जाऊन पाहायचा. कोण पाहतो? मी कॉलेजात सी शिकवते. दरवर्षी पोरांच्या प्रोग्रामात हीच तपासणी नसते. मार्क कापले की म्हणतात, मॅडम, चालून तं राह्यलं. ह्या ‘चालून राह्यलं’चा मला इतका वीट आलाय की काही विचारू नकोस.

हिंगणघाटहून समुद्रपूरला जाणाऱ्या एसटीत मी तुला म्हटलं होतं, ही फसवणूक आहे. तू तुझ्या लायब्ररीत दुसरं फंक्शन टाक, जे स्वतःहून सांगेल की संपलं की बिघडलं. मी इतक्या मोठ्यानं बोलत होते की कंडक्टर मागे वळून पाहायला लागला. त्याला वाटलं नवरा-बायकोचं आहे. लोकांनी आपल्याबद्दल काय समजायचं ते कायमच समजून घेतलं, आपण कधी खुलासा करायला गेलो नाही. तू शांतपणे खिडकीतून थुंकलास, मागच्या खिडकीतल्या माणसाची शिवी खाल्लीस आणि मला म्हणालास:

“लपवून कुठं राह्यली ते? बाजूले ठेवलं हाय ना. ज्याले पाह्यजे त्यानं विचारावं.”

“अन् ज्याले विचारा लागते हेच मालूम नाई, त्याचं काय?” मी म्हटलं.

तू म्हणालास, मग त्यानं शिकावं, नियम साऱ्या जगानं मान्य केलेला आहे, मी कोण बदलणारा. उतरल्यावर तू मला संत्र्याचा रस पाजलास. भांडणाचा निकाल लावण्याची तुझी ही पद्धत होती.

तरी तुझ्या म्हणण्यात दम होता हे मला माहीत होतं, कारण ती अल्लीपूरकडची बाई मी पाहिली होती. नवरा गेला होता, लग्नाआधी कधीतरी त्यानं तुमच्याकडे फोटो काढला होता एवढंच तिला ठाऊक. तेव्हा स्टुडिओत कुठला तरी विकतचा शोधायचा प्रोग्राम होता. त्यात नाव टाकलं, तो म्हणाला, असा फोटो नाही. तेच तू तिला सांगितलंस. ती पायरीवर बसून राहिली आणि म्हणाली, पुन्हा पाय ना बापा, त्यानं मले सांगतलं होतं. दुसरा कोणी असता तर तिला पाणी पाजून वाटेला लावलं असतं. तू खरंच पुन्हा पाहिलंस. तीन दिवस काम सोडून त्या मशीनच्या पोटात शिरलास आणि शोधून काढलंस की प्रत्येक नावासोबत फाइलीचा एक नंबर येतो, डिस्क भरत गेली तसे ते नंबर मोठे झाले, आणि त्या जुन्या मशीनच्या लायब्ररीत नंबर ठेवायची जागा छोटी. पहिला मोठा नंबर आला की ती आतल्या आत म्हणायची मावत नाही, आणि रिकामा हात. प्रोग्राम समजायचा संपलं. निम्म्याहून जास्त फोटो त्या हातामागे दडले होते. तू स्वतःचा प्रोग्राम लिहिलास, नीट विचारणारा, आणि तो फोटो छापून अल्लीपूरला स्वतः नेऊन दिलास. ती बाई दुसऱ्यांदा बोलली म्हणून, असं तू नेहमी सांगायचास. मला वाटतं तू दुसऱ्यांदा ऐकलंस म्हणून.

माझा पहिला पॅच, तुझ्या लायब्ररीतली माझी पहिली दुरुस्ती, तू तपासलास तेही असंच. फोनवर माझ्याकडून एकेक ओळ वाचून घेतलीस, चूक तुला पहिल्या मिनिटाला दिसली होती, पण माझी मला सापडेपर्यंत नुसता हं हं करत राहिलास. पुण्याच्या त्या मुलाखतीत माझ्या ‘मले-तुले’ला हसले होते, त्यानंतर मी महिनाभर तोंड उघडायला घाबरायचे. तुझ्या त्या हं हं मुळे मी पुन्हा बोलायला लागले. ह्याबद्दल तुला कधी काही म्हटलं नाही. आता म्हणते.

आणि इतकं ऐकणारा माणूस दिवसभर गालात ती घाण धरून बसायचा. तुझ्या टेबलाखालचा तो डबा, त्यातली लाल थुंकी, टेबलावर रबर लावलेल्या पन्न्या, कीबोर्डवर सुपारीचा भुगा. माझ्या घरी आलास की मी बेसिन तुझ्यानंतर उकळत्या पाण्यानं धुवायचे, तुझ्यादेखत. तू हसायचास. मग हळूहळू तू हसणं कमी केलंस. माझ्याकडचा झणझणीत रस्सा बाजूला सारून भात दह्यात कुस्करायला लागलास. चमचा आडवा जायचा तो तिरका घालायला लागलास. मी विचारलं, तोंडाला काय झालं. तू म्हणालास, तोंड आलं हाय. मी महिन्यानं विचारलं. ठीक आहे. दिवाळीत विचारलं. ठीक आहे. दवाखान्यात चल म्हटलं, गाडी घेऊन येते म्हटलं, दारात येऊन उभीही राहिले. तू आतून सुगतला सांगायला लावलंस की तू अल्लीपूरला गेलास. तुझी चप्पल पायरीवर होती, मिलिंद.

रिकामा हात. प्रत्येक वेळी तोच. ज्या माणसाला सगळ्या जगात संपणं आणि बिघडणं ह्यातला फरक सगळ्यात चांगला कळायचा, त्यानं आईला, भावाला, मला सरसकट एकच उत्तर दिलं. मला तुझा जितका राग आला त्यापेक्षा जास्त तुझी शिसारी आली. हे लिहून ठेवलंय, खोडणार नाही.

शेवटी तुला बोलता येत नव्हतं तेव्हाही आपण भांडलो. नागपूरच्या त्या वॉर्डात, तुझ्या मोबाइलवर आळीपाळीनं टाइप करून. मी लिहिलं, सांगितलं का नाही. तू लिहिलंस, आधी शून्य कर मग विचार, तू येऊन पहिले खर्र्यावरून शिव्या देत होती. मी लिहिलं, तू माणूस आहेस की लायब्ररी. तुझे डोळे हसले. नर्सनं मला बाहेर काढलं. पुढची ओळ तू टाइप करत होतास, ती काय होती मला माहीत नाही. पण एक सांगते, तुझं ते मी मानत नाही, आजही नाही. मी विचारलं होतं. शिव्या देऊन विचारलं, गोड बोलून विचारलं, दारात उभं राहून विचारलं. ही चूक मी माझ्या पदरात घेणार नाही. तू गेलास म्हणून तू बरोबर होत नाहीस.

तू गेल्याचं कळल्यावर फोनवर तो धबधबा सुरू झाला. भावपूर्ण श्रद्धांजली, दोन हात, एक पणती, एकानं टाकलं की बाकीच्यांनी तेच उचलून टाकलं. तुझ्या लायब्ररीवाल्यांची ईमेल-यादी तरी बरी असेल म्हणून उघडली. एकानं एक ओळ लिहिली होती की वाईट वाटलं, आणि त्याच पत्रात खाली विचारलं होतं की फोल्डरचा भाग आता कोण सांभाळणार, पुढची आवृत्ती अडली आहे. मी तिरीमिरीत लिहून टाकलं, मी.

रविवारी सकाळच्या एसटीनं मी समुद्रपूरला पोचले. कॅमेरेवाला दुपारी येणार होता. तुझी आई स्टुडिओत गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसली होती, कश्मीरच्या पडद्याकडे तोंड करून. मी सुगतला म्हटलं, पुसायच्या आधी मला एकदा विचारू दे. तो वैतागला. ताई, कॉपी पूर्ण झाली ना, मशीननं हिरव्या अक्षरात लिहिलं पूर्ण झालं म्हणून. मी विचारलं, मिलिंदचा प्रोग्राम कुठे आहे. म्हणाला, तो काढून टाकला, काळ्या स्क्रीनचा होता, मले समजत नव्हता, त्या जुन्या विकतच्यानंच केली कॉपी. खिशातून त्याच्या पन्नीचं टोक बाहेर दिसत होतं. मला त्याच्याकडे पाहवेना, म्हणून मी मशीनकडे पाहायला लागले.

डिस्क लॅपटॉपला जोडायची वायर मी घाईत घरीच विसरले होते. पण स्टुडिओच्या त्या मशीनमध्ये तुझा कंपायलर, लिहिलेला प्रोग्राम चालता करणारा, अजून शाबूत होता. मी तिथंच बसून छोटा प्रोग्राम लिहिला. मधल्या लायब्ररीला विचारलंच नाही. सरळ कर्नलला हाक मारली, ओंजळ मोठी धरली, नंबराला मोठी जागा दिली, आणि रिकामा हात आला तर का आला हे छापायला लावलं. माझ्या हट्टाप्रमाणे, न विचारता सांगणारा.

नावं वाहायला लागली. सुगतची कॉपी जिथं थांबली होती ते नाव आलं, गेलं, आणि पुढेही नावं येतच राहिली. सुगत माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. मी तुझं नाव असलेल्या फाइली वेगळ्या काढल्या आणि एकेक उघडायला लागले, आणि तो सापडला. कश्मीरचा पडदा, शिकारा तेव्हा धड होता, आणि पुढे तू, नुकती मिसरूड फुटलेला, मान मागे टाकून हसतोयस. तोंड सताड उघडं, दात पांढरेशुभ्र, आत पार पडजीभ दिसते. तुझ्या बाबांनी असा फोटो कोणाला छापून दिला नसता, हलला म्हणाले असते. काकू उठून जवळ आल्या. स्क्रीनला हात लावून म्हणाल्या, “हा माहा पोरगा.”

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण नावं अजून होती. एका जातीची नावं, एकेक करून पसरलेली, तुझं नाव, पुढे ‘तोंड’, पुढे तारीख. मला वाटलं असेच हसरे असतील. मी पहिलं उघडलं.

स्टुडिओचे दिवे लावून, स्वतःच्या हातानं, तू तुझ्या तोंडाचे फोटो काढले होतेस. गालाच्या आतला पांढरा चट्टा. पुढच्या फोटोत तो लाल. त्याच्या पुढच्यात कडा सुजलेल्या. तारखा लावून पाहिलं तर प्रत्येक वेळी तोंड आधीपेक्षा कमी उघडलेलं. शेवटच्या फोटोत वरच्या-खालच्या दातांमध्ये बोट जाईल एवढीच फट, आणि त्या फटीतून दिसत होतं ते मी लिहीत नाही. पहिल्या फोटोची तारीख तू मला तोंड आलं म्हणालास त्याच्या बरीच आधीची होती. म्हणजे तू पाहत होतास. कारण बाजूला नीट ठेवत होतास. कोणी येऊन विचारेल म्हणून वाट पाहत होतास, की कोणी पाहू नये म्हणून त्या ढिगात टाकलं होतंस, मला माहीत नाही आणि आता कळणारही नाही. ह्या वेळी मला आली ती किळस होती की दुसरं काही, मला सांगता येत नाही.

सुगत हलक्या आवाजात म्हणाला, ताई, हे तरी पुसून टाका. आणि तो बाहेर गेला. मला वाटलं, खिशातली पन्नी फेकायला गेला असेल. काचेतून पाहिलं तर तो टपरीला टेकून ती घोटून राह्यला होता, खाली मान घालून, डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी हात चालू.

मी घाईघाईनं स्क्रीन बंद करायला गेले तर काकूंनी माझा हात धरला. त्यांनी सगळे फोटो पाहिले. एकही सोडला नाही, मान वळवली नाही. मग पदरानं तोंड पुसून, माझ्याशी नाही, त्या मशीनशी बोलल्यासारख्या म्हणाल्या:

“मले दाखवलं असतं तं म्या काय केलं असतं? काईच नाई. पण पाह्यलं तं असतं.”

दुपारी कॅमेरेवाला आला. काकूंनी त्याला दारातूनच परत पाठवला. हसरा फोटो आता तुमच्या घरी भिंतीवर आहे, तो सुजलेल्या गालाचा उतरवला. बाकीचेही काकूंनी पुसू दिले नाहीत, ते त्याच फोल्डरात आहेत, सगळ्या तालुक्याबरोबर, कर्नल देईल त्या क्रमानं.

आणि वर्ध्याला परत आल्यावर मी तुझ्या लायब्ररीत ते दुसरं फंक्शन टाकलं. रिकाम्या हातासोबत कारणही हातावर ठेवणारं, कोणी विचारो न विचारो. तुझं जुनं तसंच राहू दिलं, नियमाप्रमाणे. पण माझं आता त्याच्या शेजारी आहे. तुझी परवानगी मी मागितली नाही. मागितली असती तर तू काय म्हणाला असतास मला ठाऊक आहे. ठीक आहे, म्हणाला असतास.